नसलेल्या माणसाचं टपाल दारातच थांबवा: पोस्टफिक्स नव्यानं सांभाळणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. तो पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या आप्पांचा सकाळी सकाळी फोन आला. पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कास्टिंगचं कोटेशन पोचलंच नव्हतं, उलट मेलबॉक्समध्ये काहीतरी इंग्रजी मजकूर येऊन पडला होता. जाऊन मेलची रांग उघडली, तर हजारो पत्रं अडकलेली. फौंड्रीतल्या माणसानं लिहिलेलं त्यात एकही नव्हतं. सगळी आमच्या सर्व्हरनं स्वतःच तयार केलेली होती: तुमचं पत्र पोचवता आलं नाही, या नावाचं इथं कोणी नाही. आणि ज्यांच्या नावानं ती निघाली होती, त्यांनी आम्हाला कधी काही पाठवलेलंच नव्हतं. या उद्योगामुळं आमचा आयपी पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला आणि आप्पांचं खरं कोटेशन त्यात अडकलं.

चूक माझी होती. सेटिंगमधली एक ओळ मी भरलीच नव्हती. त्या ओळीबद्दल आणि तिच्याभोवतीच्या गोष्टींबद्दल हा लेख आहे. उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल इकडं लहानमोठ्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणारी बरीच नवी मुलं आहेत. त्यांचा एक आठवडा वाचावा, एवढ्यासाठी सगळं तपशिलात लिहितो.

एक खूणगाठ आधी बांधा. इथं सगळ्या आज्ञा आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या; शब्दांमधली खालची रेघ जशीच्या तशी ठेवायची. दाखल्यासाठी एक्झाम्पल.कॉम हे डोमेन वापरलं आहे. ते अशा दाखल्यांसाठीच राखून ठेवलेलं असतं. आपलं खरं डोमेन त्या जागी घाला.

बिल्टी फाडण्याआधी

हुंडेकऱ्याकडं माल टाकायला गेलात तर तो आधी पत्ता वाचतो. त्या गावाला गाडी जात नसेल तर तिथंच सांगतो, आणि तुम्ही माल घेऊन परत फिरता. पण एकदा त्यानं बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, फाडली की माल त्याचा झाला. पोचवा नाहीतर परत आणून द्या, जबाबदारी त्याची.

मेलचं तसंच आहे. दुसरा सर्व्हर तुमच्या २५ नंबरच्या पोर्टवर येतो आणि दोघांत बोलणं सुरू होतं. तो आधी 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो. मग 'आरसीपीटी टू' म्हणून कोणाला द्यायचं ते सांगतो. त्यानंतर 'डेटा' म्हणून पत्राचा मजकूर देतो. मजकूर घेऊन तुमचा सर्व्हर २५० हा आकडा म्हणाला की बिल्टी फाटली. २००८ सालचा आरएफसी ५३२१ हा एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेलच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा, दस्तऐवज स्पष्ट सांगतो, की इथून पुढं पत्र पोचवणं किंवा पोचलं नाही हे पाठवणाऱ्याला कळवणं ही स्वीकारणाऱ्याची जबाबदारी.

अडचण अशी, की 'मेल फ्रॉम'मध्ये कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो. स्पॅम पाठवणारे नेमकं तेच करतात. ते तुमच्या डोमेनवर अंदाजपंचे हजार नावं ठोकतात आणि परतीच्या पत्त्यावर तिसऱ्याच निरपराध माणसाचं नाव टाकतात. तुम्ही ते पत्र आधी घेतलंत, मग 'या नावाचा कोणी नाही' म्हणून परत पाठवलंत, तर तो कचरा त्या तिसऱ्या माणसाच्या अंगणात जाऊन पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. पाठवणारा म्हणून नाव लागतं तुमच्या सर्व्हरचं.

तेच 'आरसीपीटी टू'च्या वेळी ५५० म्हणून नाकारलंत, तर पत्र तुमच्याकडं आलेलंच नसतं. समोर खरा मेल सर्व्हर असेल तर तो आपल्या माणसाला लगेच कळवतो, की पत्ता चुकला. समोर स्पॅम फेकणारा प्रोग्राम असेल तर तो कोणालाच काही कळवत नाही.

काहीजण तिसरा मार्ग काढतात: पत्र घ्यायचं आणि गुपचूप फेकून द्यायचं. हे मला अजिबात पटत नाही. एखाद्या गिऱ्हाइकानं ऑर्डर पाठवताना एक अक्षर चुकवलं तर त्याला वाटतं पत्र पोचलं, तुम्हाला वाटतं ऑर्डरच आली नाही. आठ दिवसांनी दोघं एकमेकांना दोष देत बसतात.

आधी यादी, मग सेटिंग

नवखा माणूस थेट सेटिंगची फाइल उघडतो. तसं करू नका. सर्व्हर नाकारणार कोणाच्या जोरावर? यादीच्या. यादी अपुरी असेल तर खरी पत्रं परत जातील, आणि तेव्हा कारखान्यातून येणारा फोन पहिल्यापेक्षा जड असेल.

चालू मेलबॉक्स किती, हे सर्व्हरवरून कळतं. पण वापरातले पत्ते तेवढेच नसतात. सेल्स, अकाउंट्स, परचेस, स्टोअर्स अशा नावांचे पत्ते कोणाकोणाला वळवलेले असतात. जुन्या बिलबुकावर, व्हिजिटिंग कार्डावर, कंपाउंडच्या भिंतीवरच्या पाटीवर एखादा पत्ता छापलेला असतो. जीएसटीच्या नोंदणीत, बँकेत, महावितरणच्या बिलासाठी एखादा भलताच पत्ता दिलेला असतो, आणि ओटीपी तिथंच येत असतो. म्हणून अकाउंटवाल्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि विचारा. एक दुपार जाईल, पण ती सत्कारणी लागेल.

मग लॉग बघा. डेबियन किंवा उबंटूवर तो बहुधा /व्हार/लॉग/मेल.लॉग या फाइलमध्ये असतो. त्यात 'स्टेटस=सेंट' असलेल्या ओळी गाळून घ्या आणि आपल्या डोमेनवरच्या कोणत्या पत्त्यांवर गेल्या काही आठवड्यांत पत्रं उतरली ते काढा. यादीत नसलेला पण लॉगमध्ये वारंवार दिसणारा पत्ता सापडला तर तो कोणाचा, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पोस्टमास्टर हा पत्ता यादीत हवाच. प्रत्येक डोमेनवर तो चालू असला पाहिजे, असं आरएफसी ५३२१ च सांगतो. अब्यूज या नावाचा पत्ताही ठेवा. कोणाला तुमच्या सर्व्हरबद्दल तक्रार करायची असेल तर तो तिथंच लिहितो, आणि ती तक्रार तुम्हाला काळ्या यादीच्या आधी कळलेली बरी.

तुमचं डोमेन कोणत्या घरात बसलंय?

पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर व्हीट्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ मध्ये ते लोकांसमोर आलं. त्यात प्रत्येक डोमेन एका वर्गात बसतं, आणि प्रत्येक वर्गाची यादी वेगळ्या सेटिंगमध्ये असते. इथंच बहुतेकांची गल्लत होते. चालू सेटिंग बघायला ही आज्ञा द्या:

पोस्टकॉन्फ -एन

डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये असेल तर ते लोकल. म्हणजे लिनक्सवरचे युजर हेच मेलचे युजर. याची यादी 'लोकल_रेसिपिएंट_मॅप्स'मध्ये असते. पोस्टफिक्स २.० पासून ती आपोआप भरलेली असते, सिस्टिममधले युजर आणि एलियसची (एका नावाचं टपाल दुसऱ्याकडं वळवणारी) फाइल मिळून. म्हणून इथं तुम्हाला काही करावं लागत नाही, फक्त कोणी मोडून ठेवलंय का ते बघायचं. जुन्या लेखांतून उतरवलेल्या सेटिंगमध्ये बऱ्याचदा अशी ओळ सापडते:

लोकल_रेसिपिएंट_मॅप्स =

बरोबरच्या चिन्हापुढं काहीच नाही. याचा अर्थ 'तपासणी बंद, येईल त्याला घे'. ही ओळ काढून टाका. त्याआधी 'लुझर_रिले' नावाचं सेटिंग कुठं आहे का ते बघा. नसलेल्या युजरचं सगळं टपाल एका पेटीत ओतण्यासाठी ते वापरतात, आणि ते चालावं म्हणून वरची ओळ मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. दोन्ही एकत्रच काढायचं.

डोमेन 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स'मध्ये असेल तर मेलबॉक्सचा लिनक्सच्या युजरशी संबंध नसतो. हल्ली बहुतेक कारखान्यांत पुढं पोस्टफिक्स आणि मागं मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट अशीच मांडणी असते. माझा पाय घसरला तो इथं. मी डोमेनचं नाव लिहिलं, पत्रं डव्हकॉटकडं सोपवायची ओळ लिहिली, चाचणीचं पत्र पोचलं आणि काम झालं म्हणून घरी गेलो. 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स' लिहिलंच नव्हतं. ते रिकामं असलं की पोस्टफिक्स त्या डोमेनवरचं प्रत्येक नाव खरं मानतो. पत्र घेतो, बिल्टी फाडतो, मग डव्हकॉटला देतो. डव्हकॉट म्हणतो, हा माणूस माझ्याकडं नाही. आता पोस्टफिक्सच्या हातात परतीचं पत्र लिहिण्यावाचून काही उरत नाही. डव्हकॉटनं नाकारलं तर आहे, मग बिघडलं कुठं, असं नव्या माणसाला वाटतं. बिघडलं ते गेटवर. नकार द्यायला हवा होता गेटवर, मिळाला तो गोदामात.

योग्य मांडणी अशी:

व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स = एक्झाम्पल.कॉम
व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हीमेलबॉक्स

या दोन ओळी /ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ या फाइलमध्ये. मग व्हीमेलबॉक्स नावाच्या फाइलमध्ये एका ओळीवर एक पत्ता आणि त्यापुढं जागा सोडून काहीतरी किंमत. पत्रं डव्हकॉटकडं सोपवत असाल तर किंमत काय आहे याला महत्त्व नाही, 'ओके' लिहिलं तरी चालतं. पोस्टफिक्स स्वतःच पेटीत टाकत असेल तर मात्र तिथं पेटीचा मार्ग लिहावा लागतो.

फाइल लिहून झाली की:

पोस्टमॅप हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हीमेलबॉक्स

फाइलमध्ये बदल करून ही आज्ञा विसरणं ही रोजची चूक आहे. पोस्टफिक्स तुमची साधी फाइल वाचत नाही, तिच्यापासून बनवलेली अनुक्रमणिका वाचतो. काही नव्या लिनक्सवर 'हॅश' हा प्रकारच मिळत नाही, त्याऐवजी 'एलएमडीबी' असतो. 'पोस्टकॉन्फ -एम' दिल्यावर तुमच्याकडं काय चालतं ते दिसेल.

पत्ता यादीत लागतो का, हे असं विचारा:

पोस्टमॅप -क्यू सेल्स@एक्झाम्पल.कॉम हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हीमेलबॉक्स

पत्ता असेल तर किंमत छापली जाते, नसेल तर काहीच येत नाही. युजरची यादी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असेल तर फाइलऐवजी त्या टेबलला विचारणारी फाइल जोडायची. त्या प्रश्नात फक्त चालू युजर येतील अशी अट हवी. डेटाबेस बंद पडला तर सगळी पत्रं नाकारली जातील का, ही भीती रास्त आहे, पण तसं होत नाही. यादीला विचारताच आलं नाही तर पोस्टफिक्स ४५१ म्हणतो, म्हणजे 'थोड्या वेळानं या'. पाठवणारा सर्व्हर पुन्हा येतो.

एकच डोमेन 'मायडेस्टिनेशन' आणि 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स' या दोन्हींत ठेवू नका. लॉगमध्ये तशी ताकीद येत असते, आणि कोणती यादी लागू होते याचा गोंधळ होतो.

तिसरं घर रिलेचं, म्हणजे पत्र घेऊन दुसऱ्या सर्व्हरकडं पोचवायचं. त्याबद्दल पुढं, पुरानंतरच्या सर्व्हरच्या भागात सांगतो.

नकाराची ओळ कुठं लिहायची, असं मला नेहमी विचारतात. वेगळी ओळ लागतच नाही. 'एसएमटीपीडी_रिजेक्ट_अनलिस्टेड_रेसिपिएंट' हे सेटिंग मुळातच 'येस' असतं. यादी खरी असेल तर नकार आपोआप होतो. कोणी ते 'नो' करून ठेवलेलं नाही एवढं बघा. सर्व्हरवर गर्दी जास्त असेल तर 'एसएमटीपीडी_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्स'च्या यादीत 'रिजेक्ट_अनलिस्टेड_रेसिपिएंट' हे काळ्या याद्यांच्या तपासणीच्या आधी लिहा. नसलेल्या माणसासाठी डीएनएसमधल्या काळ्या याद्यांना कशाला विचारायचं?

जाळी बांधून मग उडी

बदल चालू करताना पहिले एक-दोन दिवस मेन.सीएफमध्ये ही ओळ ठेवा:

सॉफ्ट_बाउन्स = येस

यानं तुमच्या सर्व्हरचे पक्के नकार तात्पुरते बनतात, ५५० चा ४५० होतो. यादीत एखादा खरा पत्ता राहून गेला असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र टाकून देत नाही, रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येतो. तेवढ्यात तुम्ही पत्ता घालायचा. मग:

पोस्टफिक्स चेक
पोस्टफिक्स रीलोड

या दोन दिवसांत लॉगमधल्या 'युजर अननोन' असलेल्या ओळी दिवसातून दोनदा वाचा. बहुतेक नावं कोणीतरी शब्दकोशातून उचलल्यासारखी दिसतील. एखाद्या ओळीत ओळखीच्या गिऱ्हाइकाचं किंवा बँकेचं नाव पाठवणारा म्हणून दिसलं तर तिथं थांबा. सगळं नीट दिसलं की ती ओळ काढा आणि पुन्हा रीलोड करा. काढायला विसरू नका, नाहीतर चुकीचा पत्ता लिहिणाऱ्या बिचाऱ्याला कित्येक दिवस काहीच कळणार नाही.

आता हातानं तपासा. सर्व्हरवरच बसून 'एनसी लोकलहोस्ट २५' द्या. २२० नं सुरू होणारी ओळ आली की एकेक ओळ टाइप करा:

ईएचएलओ टेस्ट
मेल फ्रॉम:<>
आरसीपीटी टू:<कोणीचनाही@एक्झाम्पल.कॉम>

उत्तर ५५० ५.१.१ नं सुरू झालं पाहिजे आणि शेवटी कोणत्या यादीत सापडला नाही तेही लिहिलेलं असतं: लोकल रेसिपिएंट टेबल, व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल किंवा रिले रेसिपिएंट टेबल. हे शेवटचे शब्द वाचायची सवय लावा, डोमेन कोणत्या घरात बसलंय ते तिथंच कळतं. मग खऱ्या पत्त्यानं तीच ओळ पुन्हा द्या. आता २५० आलं पाहिजे. 'क्विट' म्हणून बाहेर पडा. 'डेटा'पर्यंत गेलाच नाहीत, म्हणून कोणाला पत्र जात नाही. हवं तितक्या वेळा करा. घरच्या ब्रॉडबँडवरून तपासायला जाल तर बऱ्याचदा २५ नंबरचा पोर्टच बंद असतो, त्यात सर्व्हरचा दोष नाही.

पुरानंतरचा दुसरा सर्व्हर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुणे–बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. वीज नाही, नेट नाही, सर्व्हर बंद. पाठवणाऱ्याकडं पोस्टफिक्स असेल तर त्याची मूळ सेटिंग पत्र ५ दिवस रांगेत ठेवते, मग परत पाठवते. म्हणून पुराच्या अनुभवानंतर दुसऱ्या गावात एक बॅकअप सर्व्हर घ्यावा आणि डीएनएसमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाचा एमएक्स, म्हणजे डोमेनचं टपाल घेणारा सर्व्हर, म्हणून लावावा, असं अनेकांना वाटलं. विचार चुकीचा नाही.

पण हा बॅकअप सर्व्हर घाईत उभा राहतो. 'रिले_डोमेन्स'मध्ये डोमेनचं नाव घालतात आणि सोडून देतात. 'रिले_रेसिपिएंट_मॅप्स' मुळात रिकामं असतं, म्हणजे येईल त्याला घे. स्पॅमवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मुख्य सर्व्हर चालू असतानाही ते मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाच्या दारानं येतात, कारण तिथं वॉचमन झोपलेला असतो. बॅकअप पत्र घेतो, मुख्य सर्व्हरला द्यायला जातो, मुख्य सर्व्हर ५५० म्हणतो, आणि परतीचं पत्र बॅकअपच्या नावानं निघतं. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

म्हणून तीच यादी बॅकअपवरही हवी:

रिले_डोमेन्स = एक्झाम्पल.कॉम
रिले_रेसिपिएंट_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/रिले_रेसिपिएंट्स

यादी दर तासाला मुख्य सर्व्हरवरून एसएसएचनं उचलून आणायची आणि पोस्टमॅप चालवायचं. इथं एक धोका आहे. उचलताना नेट तुटलं आणि फाइल रिकामी किंवा अर्धवट आली, तर बॅकअप सर्व्हर सगळ्यांनाच ५५० म्हणायला लागेल. हा पक्का नकार, तो मागं घेता येत नाही. म्हणून फाइल आधी वेगळ्या नावानं आणा, ती रिकामी नाही आणि तिच्यात पोस्टमास्टरची ओळ आहे एवढं तपासा, आणि मगच जुनीच्या जागी ठेवा. मी फाइलच्या शेवटी एक ठरावीक ओळ घालतो. ती दिसली तर फाइल पूर्ण आली.

एवढं सांभाळायची तयारी नसेल तर बॅकअप एमएक्स ठेवूच नका, असं माझं मत. एखाद्या रात्रीची वीज गेली तर पाठवणाऱ्यांचे सर्व्हर आपणहून थांबतात. मोठ्या पुराची धास्ती असेल तर मुख्य सर्व्हरच पाण्यापासून लांब ठेवा.

कधीकधी आतला सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असतो आणि यादी मिळतच नाही. तेव्हा 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपिएंट' वापरता येतं. पत्र घेण्याआधी पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला हळूच विचारतो, हा माणूस आहे का, आणि 'डेटा' न देता परत येतो. मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतो: होकार ३१ दिवस, नकार ३ दिवस. मुळात याचा नकार ४५० असतो, म्हणून खात्री पटल्यावर 'अनव्हेरिफाइड_रेसिपिएंट_रिजेक्ट_कोड = ५५०' लिहा. ही ओळ 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन'च्या नंतरच हवी, नाहीतर दुसऱ्यांच्या सर्व्हरना विचारत सुटाल. आणि आतला सर्व्हरच सगळ्यांना हो म्हणत असेल तर या उठाठेवीचा उपयोग शून्य.

चव्हाणांचं स्पेलिंग

आप्पांना हे सगळं समजावलं तेव्हा ते म्हणाले, "अरे लेका, एखादी ऑर्डर दारातनं परत गेली म्हंजे? त्यापेक्षा सगळं एका पेटीत पडू दे की. कोणतरी बघंल."

हीच कॅच-ऑलची मागणी. आप्पांची काळजी खरी होती. चव्हाण हे आडनाव इंग्रजीत कोणी मधल्या एचसह लिहितं, कोणी त्याशिवाय, कोणी व्हीऐवजी डब्ल्यू घालतं. जाधवांचं तसंच. पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक फोनवर पत्ता ऐकून लिहिणार, चुकणारच.

मी म्हटलं, "आप्पा, पूर्वी अशी पेटी होतीच की. ती शेवटची कोणी उघडली होती?" आम्ही उघडून बघितली. स्पॅमच्या ढिगाखाली दोन खऱ्या चौकश्या पडल्या होत्या, महिन्याभराच्या जुन्या. त्या पाठवणाऱ्यांना तेव्हाच 'पत्ता चुकला' असं कळलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत फोन केला असता.

उपाय साधा आहे. चुकू शकणारी स्पेलिंगं 'व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स'च्या फाइलमध्ये डाव्या बाजूला एकेक करून लिहा, उजव्या बाजूला खरा पत्ता लिहून तिकडं वळवा. आमच्या फौंड्रीत चव्हाणांची चार रूपं आहेत. याही फाइलवर पोस्टमॅप चालवायचं.

पण एलियसच्या फाइलमध्येच दोन सापळे आहेत. पहिला, डाव्या बाजूला नुसतं '@एक्झाम्पल.कॉम' लिहिलेली ओळ. हा सरळ कॅच-ऑल. जुन्या डोमेनचं सगळं नव्या डोमेनला वळवायचं म्हणून '@जुनं @नवं' अशी ओळ लिहिली तरी तोच परिणाम: जुन्या डोमेनवरचं प्रत्येक नाव खरं ठरतं, मग नव्या डोमेनवर तो माणूस असो वा नसो. प्रत्येक पत्ता वेगवेगळा लिहा. दुसरा, पोस्टफिक्स गेटवर फक्त डावी बाजू तपासतो. उजवीकडचा माणूस दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला असेल तरी पत्र आत घेतलं जातं आणि नंतर परत जातं. मेलबॉक्स काढलात की त्या नावानं एलियसची फाइल शोधायचीच. बाहेरच्या जीमेलवर वळवलेले पत्ते याच कारणानं जपून वापरा. जीमेलनं नाकारलेलं पत्र परत पाठवायची पाळी तुमच्यावर येते.

नोकरी सोडलेल्या माणसाचा पत्ता त्याच दिवशी बंद करू नका. काही महिने तो त्याच्या जागी आलेल्या माणसाकडं वळवा. मग बंद करताना 'चेक_रेसिपिएंट_ॲक्सेस'च्या फाइलमध्ये त्या पत्त्यापुढं ५५० आणि एक ओळ लिहिता येते: हे इथं नाहीत, सेल्सच्या पत्त्यावर लिहा. मजकूर इंग्रजी अक्षरांतच ठेवा, इतर सर्व्हर मराठी अक्षरं नीट दाखवतीलच असं नाही.

दारावर ठोठावणारे

गेटवरच खरं-खोटं सांगितलं तर स्पॅमवाल्याला खरी नावं कळणार नाहीत का? कळू शकतात. तो हजार नावं विचारून बघतो, ज्याला २५० मिळालं ते टिपून ठेवतो. हा धोका मी मान्य करतो, तरी बॅकस्कॅटरपेक्षा तो लहान आहे. पोस्टफिक्स स्वतःही त्याला आवर घालतो. एकाच जोडणीत चुका १० च्या वर गेल्या की उत्तरं मुद्दाम सावकाश देतो, २० ला जोडणी तोडतो. 'डिसेबल_व्हीआरएफवाय_कमांड = येस' ही ओळ घाला, म्हणजे पत्र न देता नुसतं नाव विचारायची सोय बंद होते. वारंवार येणाऱ्या आयपीला फेल२बॅननं काही तास बाहेर ठेवता येतं, पण मर्यादा फार कडक करू नका; मोठ्या मेल कंपन्यांच्या एकाच आयपीवरून हजारो खरी माणसं लिहीत असतात.

सीपॅनेलच्या होस्टिंगवर मेल असेल तर यातलं फारसं काही लागत नाही. तिथं 'डीफॉल्ट ॲड्रेस' नावाचं पान असतं. त्यात पाठवणाऱ्याला चूक झाल्याचा निरोप देऊन पत्र नाकारण्याचा पर्याय निवडा; गुपचूप फेकण्याचा नको. पोस्टफिक्सऐवजी एक्झिम हा मेल सर्व्हर स्वतः सांभाळत असाल तर 'आरसीपीटी'च्या एसीएलमध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, 'व्हेरिफाय = रेसिपिएंट' ही अट आहे का बघा.

आता फौंड्रीत कोणी नवीन रुजू झालं की हजेरीच्या मस्टरवर नाव चढतं त्याच दिवशी मला चिठ्ठी येते. मी फाइलमध्ये ओळ घालतो, पोस्टमॅप चालवतो, 'आरसीपीटी टू' टाइप करून २५० बघतो, बॅकअपवरही बघतो. कोणी सोडून गेलं तरी चिठ्ठी येते. महिन्याच्या एक तारखेला 'मेलक्यू' ही आज्ञा देतो; रांगेत 'मेलर-डीमन'च्या नावाची पत्रं दिसली तर कोणत्या तरी यादीत भोक पडलंय असं समजून शोधायला बसतो.